दुरुस्ती पाठवण्याआधी

मुलगी : म्हणजे अजूनही नाहीच म्हणायचं का, बाबा?

बाबा : नाही कुठे म्हटलं? चार दिवस थांब म्हटलं.

मुलगी : त्या चार दिवसांना आठ महिने झाले. प्रोग्राम कुठल्या शब्दांवर अडखळतो ती यादी तुम्ही सांगितलीत, म्हणून विचारतेय. नाहीतर या दुरुस्त्या कधीच पाठवून मोकळी झाले असते.

बाबा : घाई कसली पण? वाचून दाखवतोय की तो प्रोग्राम मला नीट.

मुलगी : मी सुधारलाय म्हणून. तो बनवणाऱ्या मूळ लोकांनी नवी आवृत्ती काढली की आपल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. मग जोडाक्षर आलं की त्याची बोबडी वळते, आणि मी बॅग भरून इथे हजर.

बाबा : आपली मेहनत त्यांना फुकट का द्यायची?

मुलगी : अख्खा प्रोग्राम त्यांनीच फुकट दिलाय. आपल्या दुरुस्तीच्या चाळीस ओळी त्यांनी त्यात घेतल्या तर ज्यांना ज्यांना दिसत नाही त्या सगळ्यांना मिळतील. तुम्हालाही आपोआप, मी आले नाही तरी.

बाबा : चार वाजता ‘बाबा, डोळ्यांत थेंब घाला’ म्हणतो, तेही सगळ्यांना?

मुलगी : ते नाही पाठवणार. ते आपल्या घरचं.

बाबा : मग तेवढं घालायला तरी तुला यावं लागेल.

मुलगी : नाही हो. ते वेगळं ठेवलंय, पुसलं जात नाही.

बाबा : सगळा बंदोबस्त केलास म्हणजे.

मुलगी : बाबा, खरं काय ते सांगा.

बाबा : नोकरी, पोरं, सासूबाईंचं दुखणं. एवढ्यातून तू येतेस ती हे बिघडतं म्हणून. कायमचं सुधारलं तर कशाला येशील? जन्मभर प्रुफं तपासली मी, आणि तिकडे लोक चुकीचं ऐकताहेत हे माहीत असून गप्प बसलो. लाज वाटते.

मुलगी : मागच्या महिन्यात नवी आवृत्ती आलीच नव्हती, बाबा.

बाबा : मग दोन दिवस त्या यंत्रापुढे काय करत होतीस?

मुलगी : काही नाही. तुम्ही कादंबरी ऐकत होतात, मधेच हसत होतात. मी आपली बसले होते.

बाबा : पाठव ते आता. आणि शनिवारी ये. काम काही नाहीये.