जाब विचारायचा कुणाला?

…नाही, मला एक सांगा, टीव्हीवर कॉमेंट्री करणाऱ्या त्या दोघांचं काम काय होतं? बघायचं आणि सांगायचं! बस्स! समोर रिंग आहे, रिंगात दोनच पोरी आहेत. दोनच! क्रिकेटसारखी बावीस माणसं नाहीत की गोंधळ व्हावा. एक लाल कपड्यातली, एक निळ्या कपड्यातली. अंगणवाडीतल्या पोराला उभं करा, ते सांगेल लाल कुठली अन् निळी कुठली. अन् ह्या दोघांना, कोट घालून, कानाला ते भोंगे लावून, तीन फेऱ्या संपल्या तरी तेवढं जमलं नाही! पण जाब विचारायचा कुणाला?

तुम्हाला सांगतो, मी उगाच नाही बोलत. मी स्वतः माईकवरचा माणूस आहे. नावच तोताराम, म्हणजे बारशालाच ठरलं होतं की हा बोलणार. फैजपूरच्या आजूबाजूला कुठंही लग्न असो, सत्कार असो, यात्रेतल्या बारागाड्या असोत, माईक तोतारामकडे! अन् बारागाड्या म्हणजे खेळ नाही हो… भगत पुढं ओढतोय, एकामागे एक जोडलेल्या बारा गाड्या मागं, दोन्ही बाजूला ही गर्दी! तिथं मी 'डावीकडे सरका'च्या ऐवजी 'उजवीकडे सरका' म्हटलं, तर माणूस चाकाखाली जाईल! म्हणून मी आधी बघतो, मग तोंड उघडतो. तीस वर्षांत एक माणूस गेला नाही चाकाखाली. अन् ह्या दोघांनी माझ्या पोरीला भर दुपारी, भारतभर, चाकाखाली घातलं!

माझी पोरगी म्हणजे कामिनी. एकोणीस वर्षांची. बॉक्सिंग करते. आता केळीच्या बागेत वाढलेली पोर ठोसे मारायला कुठं शिकली, ते मलाही नीट माहीत नाही. शाळेत एक मास्तर आले, ग्लोव्ह घेऊन आले, अन् मास्तर बदलून गेले तरी पोर काही थांबली नाही. जिल्हा झालं, राज्य झालं, अन् यंदा राष्ट्रीय स्पर्धेत पोचली. सेमीफायनल! टीव्हीवर! ही लढत जिंकली की चार महिन्यांच्या शिबिराला थेट बोलावणं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? अडलं आमच्या मायपाशी. धुरपदाबाई. वय ऐंशी. आमच्या घरात सातबारा माझ्या नावावर आहे, पण शब्द तिचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, "पाहाचं ते पाहून झालं माह्यं." अन् मुक्ताईनगरकडून कामिनीला स्थळ सांगून आलेलं. मी म्हटलं, माय, शिबिराला जाऊ दे तिला. तर म्हणते कशी, "टीव्हीतला मानूस काय म्हन्तो ते मी माह्या कानानं आयकीन. त्यानं पोरीले चांगलं म्हटलं, तं जाऊ दे. नाही तं ते हातमोजे माळ्यावर टाक, अन् पाहुन्यायले बोलाव." पेटीतला माणूस खोटं बोलत नाही, हे तिचं मत रेडिओच्या काळापासूनचं!

म्हणजे बघा, माझ्या पोरीचं नशीब कुणाच्या हातात? तिच्या? नाही. पंचांच्या? नाही. त्या कोटवाल्यांच्या तोंडात! अन् जाब विचारायचा कुणाला?

लढतीच्या दिवशी केळीची कटाई होती, सगळी माणसं ओसरीवर. टीव्ही बाहेर आणलेला. माय टीव्हीला कान लावून पहिल्या खुर्चीत. आमची मंडळी, बेबाबाई, ती पदर तोंडावर घेऊन डोळे मिटून. "मले नाही पाहावत," म्हणे. म्हणजे घरात एकीला दिसत नाही, अन् दिसतं ती बघत नाही! धुळ्याकडचा आमचा गिरधर, केळीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, तोसुद्धा गाडी भरायची थांबवून बसलेला.

घंटा वाजली. त्या दोघांतला एक घसा फाडणारा होता, तो सुरू झाला, "लाल कोने में महाराष्ट्र की कामिनीऽऽऽ! और नीले कोने में हरियाणा की…" अहो, निळी आमची! निळी! तिच्या पाठीवर नाव आहे, हे एवढं मोठं! पण तो पाठ बघेल तर ना! दुसरा होता म्हातारा खेळाडू, तो कण्हल्यासारखा बोलायचा, "हां जी… हमारे ज़माने में… ऐसे ग्लव्स नहीं होते थे…" अरे बाबा, तुझा जमाना राहू दे, समोर माझी पोर ठोसे खातेय का देतेय ते सांग!

अन् तेवढ्यात घसाफाड्या ओरडला, "कामिनी को जॅब देना होगा! जॅब दे, कामिनी, जॅब दे!"

झालं! माय खुर्चीतून अर्धी उठली. "काय द्याचा?"

"जॅब, माय."

"जाब? माह्या नातीनं जाब द्याचा? काहून? काय चोरलं तिनं? कोन हाये तो जाब इचारनारा?"

आता एका बाजूला पोर लढतेय, एका बाजूला माय पेटलेली! मी म्हटलं, "माय, तसा जाब नाही. डावा हात पुढं काढून सटकन ठोसा मारतात ना, त्याला जॅब म्हणतात."

माय खाली बसली. "हातानं देतात?"

"हो."

"तोंडानं नाही?"

"तोंडात रबर असतं, माय. तोंड बंद."

"हं," म्हणाली, अन् आपल्या डाव्या हाताची मूठ चाचपू लागली. तिकडं टीव्हीतले गप्प होतील तर शपथ! आमची निळी पोर सटासट ठोसे देतेय, अन् हा सांगतोय, "हरियाणा की बॉक्सर छाई हुई है! कामिनी के पास कोई जवाब नहीं!" प्रत्येक ठोसा माझ्या पोरीचा, अन् प्रत्येक शाबासकी तिकडं! माय आपली मान हलवतेय, 'नाही जमत हो पोरीले.' शेवटी गिरधर उठून उभा राहिला, "नाना, हाऊ माणूस बठ्ठं उलटं सांगी राह्यना!" मी म्हटलं, मला दिसतंय रे बाबा, तिला नाही ना दिसत!

दुसरी फेरी. मी मायच्या कानात सांगतोय, "माय, तो चुकतोय, जिंकतेय ती आपलीच." तर म्हणते, "तू बाप हायेस, तू तं म्हनशीनच. तो कोनाचा कोन?" घ्या! नात्यातला माणूस म्हणून माझी साक्ष बाद! अन् त्याच वेळी त्या म्हाताऱ्या खेळाडूला काय सुचावं? "कामिनी जलगाँव से आती हैं… जलगाँव, जो अपने संतरों के लिए मशहूर है…"

संत्री!

अहो, ओसरीवर बसलेली बारा माणसं, बाराच्या बारा केळीवाली! अंगावर केळीच्या चिकाचे डाग, दारात केळीचा ट्रक, अन् हा म्हणतो संत्री! जो काय गिल्ला झाला म्हणता… "संत्री नागपूरची रे!", "भरताची वांगी म्हटला असता तरी चाललं असतं!" एक जण तर टीव्हीला घड दाखवायला गेला, खरंच! उचलून! अन् या गोंधळात, तुम्हाला सांगतो, तिकडं हरियाणाची पोरगी डगमगली, पंचानं आठ आकडे मोजले, अन् ते आमच्यातल्या एकानंही पाहिलं नाही! पाहिलं कुणी? डोळे मिटलेल्या बेबाबाईनं! नेमके त्याच क्षणाला तिनं डोळे उघडले होते, अन् ती ओरडत होती, "अहो, पडत व्हती ती, पडत व्हती!" अन् माय विचारतेय, "कोन? आपली?"

आता मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, हे काम आपलंच आहे. तिसऱ्या फेरीला टीव्हीचा आवाज बंद केला, आतून माझा माईक आणला, टीव्हीशेजारी उभा राहिलो, अन् केली सुरुवात. "निळ्या कपड्यात आपली कामिनी! कामिनी पुढं आली! डावा हात, जाब! अजून एक जाब!" मायच्या चेहऱ्यावर असं काही आलं म्हणता… ओसरी टाळ्या वाजवतेय… मला वाटलं, जमलं! अर्धी फेरी मी अशी सांगितली की काय सांगू!

अन् तेवढ्यात दारातून आले आमचे पोलीस पाटील अभिमन आबा. आता तीस वर्षांची सवय हो… माईक हातात, अन् मोठा माणूस दारात! माझ्या तोंडून आपोआप गेलं, "आताच आपल्यामध्ये गावचे पोलीस पाटील मा. अभिमन आबा यांचं आगमन झालेलं आहे, मी त्यांचं मनःपूर्वक स्वागत करतो, त्यांनी पुढं येऊन स्थानापन्न व्हावं, रस्त्यात लावलेला केळीचा ट्रक ज्याचा असेल त्यानं तो बाजूला घ्यावा…" गिरधर ओरडतोय, "नाना, तिकडे देख! तिकडे देख!" मी वळून बघतो… घंटा वाजलेली. लढत संपलेली. शेवटच्या मिनिटात काय झालं, मला आजही माहीत नाही!

म्हणजे मी त्यांना शिव्या देतो, अन् मी काय वेगळा? जाब विचारायचा कुणाला?

आवाज चालू केला. पंचानं निळा हात वर केला. निळा! माझी पोर! ओसरीवर उड्या, बेबाबाई रडतेय, मीही रडतोय, खोटं कशाला बोलू… अन् टीव्हीतला म्हणतो, "महाराष्ट्र के लिए निराशा! मिलते हैं ब्रेक के बाद!" अन् लागली साबणाची जाहिरात.

माय म्हणाली, "नात हारली, अन् तुमी नाचता? पाहुन्यायले फोन लाव."

मी हात जोडले, आबांनी सांगितलं, गिरधरनं त्याच्या आईची शपथ घेतली. पण पेटीपुढं आमचं कोण ऐकतं! तासभर मी तसाच बसलो. रिंगात जिंकलेली पोर, अन् घरात हरलेली. मग फोन वाजला, कामिनीचा. मी तो मायच्या कानाला लावला. म्हटलं, आता हिचं तरी ऐक.

माय म्हणाली, "पोरी, खरं सांग. जाब कोनी दिला? तू का तिनं?"

तिकडून कामिनी म्हणाली, "आजी, मीच दिला. लय दिले. मोजले नाही."

मायनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "साठ वर्सं झाली मले या घरात. सासू बोले, सासरा बोले, तुहा आजोबा तं बोलेच. एकाले जाब नाही देता आला मले. तोंडानं द्यावा लागे ना तवा… मले कोनी सांगतलंच नाही, हातानं बी देता येतो म्हनून." अन् मग आवाज एकदम बारीक झाला तिचा. "जाय तू शिबिराले. पाहुन्यायले मी पाहून घेते. अन् तिथी माह्या वाटचा बी एक देजो."

मी तिकडं तोंड फिरवलं. माईकवरचा माणूस मी, पण तो माईक उचलला अन् आत नेऊन ठेवला.

पोर गेली शिबिराला. आनंद आहे. पण इकडं काय झालंय, तुम्हाला सांगतो… मायला त्या जाबाची गोडी लागलीय! साठ वर्षांची बाकी आहे ना! चहा गार झाला, माय डावा हात पुढं काढते, नेम धरते, हो, त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, अन् माझ्या बरगडीत सटकन बोटं खुपसते! वरण अळणी झालं, सटकन! करते बेबाबाई, अन् खातो मी! अन् ती बेबाबाई, पोरीच्या लढतीला पदरात तोंड लपवून बसलेली बाई, हे मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून बघते, वर मायला सांगतेही, "जरा डावीकडे, सासूबाई… हां, आता बसला!"

तीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर कॉमेंट्री ऐकली, तीही माझ्याच घरात, अन् मार खाताना. आता जाब विचारायचा कुणाला?