एकेका बटणाचा शुक्र

वर्षं झाली, तरी दवाखान्याच्या बाकावर ऐकलेलं एक बोलणं कानात आहे. शेजारी एक म्हातारा शिंपी होता. अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या हाताने तो स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावत होता आणि बायको बघत होती.

"लागलं पहिलं! अल्लाहचा शुक्र."

"एका बटणासाठी कसले आभार, कसला शुक्र? जन्मभर लोकांच्या सदऱ्यांना हजारो लावली मी."

"तेव्हा शुक्र म्हणायला सवड कुठे होती तुम्हाला? लावा दुसरं."

"शुक्र म्हणून हात बरा होतो काय गं?"

"होवो न होवो, तुम्ही लावा. हां, लागलं! अल्लाहचा शुक्र. या चालीने वर्षभरात गळ्यापाशी पोचाल."

"हसू नकोस. खरं सांगू? पडल्यापासून नमाजात नुसते ओठ हलवतो मी. आत राग आहे. तू आपली खंबीर."

"खंबीर कसली हो! तुम्ही कोसळलात आणि माझे हात दुआसाठी उठेनात. वाटलं, ईमानच गेलं आपलं, अल्लाहवरचा विश्वासच. मग तुम्ही पाण्याचा एक घोट गिळलात, त्याला शुक्र म्हटलं. दुसऱ्या दिवशी बोट हललं, त्याला म्हटलं. तुमच्यासाठी नव्हे हो. माझी पकड सुटू नये म्हणून म्हणत होते."