कॅम्पिंग कारमधल्या पुऱ्या

अहो, ट्रिपला निघायच्या आधीच मी दमले होते. आमच्या मंदारने डोंगरातल्या तळ्याकाठच्या पार्कात जायला दिवसभरासाठी कॅम्पिंग कार ठरवली. जाणार होतो इथल्या, जपानमधल्या एदोगावा भागातली आमची तीन कुटुंबं. मला म्हणाला, "आई, गाडीत गॅस आहे, सिंक आहे. तू फक्त गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी कर. तोवर आम्ही तळ्याला चक्कर मारून येतो."

म्हणजे इथलं स्वयंपाकघर तिथे न्यायचं आणि त्यात मलाच उभं करायचं!

"गाडीवाल्याला विचारलंस का?"

"तूच विचार ना. तुझं जपानी माझ्यापेक्षा बरं आहे."

आहेच. तो ऑफिसात इंग्रजीवर भागवतो, मी भाजीवाल्याशी हुज्जत घालत शिकले. फोन स्पीकरवर टाकला आणि सरळ विचारलं, "गाडीत पुऱ्या तळल्या, हिंग-मोहरीची फोडणी दिली, तर चालेल ना?"

पलीकडे त्याने दातांतून श्वास ओढला. "तळणं म्हणजे... ते जरा..." म्हणाला आणि गप्पच झाला.

मी आभार मानून फोन ठेवला. मंदार खूश! "बघ, नाही म्हणालाच नाही तो!"

"अरे, इतकी वर्षं इथे नोकरी करतोस ना? यापेक्षा मोठ्याने इथे कुणी नकार देत नाही."

त्याचं तोंड पडलं. "मग खायचं काय?"

"कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून भाताचे ओनिगिरी घे सगळ्यांना."

"मग एवढी कॅम्पिंग कार घ्यायची कशाला?"

"पलंग आहे ना तिच्यात? तळं बघून आले की मी झोपणार आहे."