खरखरीची वही

इशिता : आणि ज्या दिवशी खरखर झाली पण भूकंप झाला नाही, ते दिवस कुठे आहेत?

गुणवंत : कुठले?

इशिता : तेच. वहीत एकवीस नोंदी आहेत, बाबा. एकवीस वेळा रेडिओवर खरखर, आणि एकवीस वेळा दोन दिवसांत कुठेतरी हादरा. वर्षभरात बाकी कधी खरखर झालीच नाही?

गुणवंत : झाली की. पण पुढे काही घडलंच नाही तर लिहू काय? वही भरून गेली असती उगाच.

इशिता : अहो, मग वहीचा उपयोग काय?

गुणवंत : हे बघ, टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं लाइनवरची खरखर ऐकलीये. कुठली ओल्या तारेची, कुठली सांध्याची, कानाला कळतं. भूजच्या भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी जी ऐकली, ती तशी नव्हती. ती जमिनीची होती. तुमच्या त्या भूकंपवाल्या संस्थेला सहा पानी पत्र लिहिलं, तर उत्तर काय, ‘आभारी आहोत’.

इशिता : माझी संस्था नाहीये ती. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

गुणवंत : पण बोलतेस त्यांच्यासारखंच.

इशिता : हेमालीच्या पोरीला मलेरिया निघालाय. आज रिपोर्ट आला.

गुणवंत : काय सांगतेस!

इशिता : सात महिन्यांची आहे ती. तुम्ही खरखर म्हणालात की हेमाली तिसऱ्या मजल्यावरून गादी घेऊन खाली येते, गेटजवळ झोपते. दिवाळीपासून एक दिवसाआड. खाडीवरचे डास इथे सोसायटीत विचारून येतात का?

गुणवंत : मी तिला बोलावलं नव्हतं. तिचे आईवडील भूजच्या भूकंपात गेले. ती येऊन विचारते, मी ऐकू येतं ते सांगतो. आजही खरखर आहे. ऐक स्वतः.

रेडिओ : कोकणात खर्र्र्र हवामान खर्र्र कोरडं राहून खर्र्र्र्र

इशिता : पण एक दिवसाआडच कशी?

गुणवंत : जमीन ताण भरते, मग सोडते. परत भरते, परत सोडते.

इशिता : पालिकेच्या एक दिवसाआडच्या पाण्यासारखी?

गुणवंत : थट्टा नको.

इशिता : थट्टा नाही करत. आज पाणी आलंय. खाली पंप चालू आहे. बाबा, खरखर पाण्याच्या दिवशीच असते का?

गुणवंत : मी पाण्याकडे कशाला लक्ष देऊ? पाणी तुझी आई बघते.

इशिता : धर्माजी! ओ धर्माजी! पंप बंद करा जरा! दोनच मिनिटं! … हो हो, सेक्रेटरींना मी सांगते!

रेडिओ : खर्र्र्र विदर्भात खर्र्र किमान तापमानात किंचित घट होण्याची शक्यता आहे. मराठवाड्यात

गुणवंत : खरखर गेली.

इशिता : चालू करा, धर्माजी!

रेडिओ : बहुतेक ठिकाणी खर्र्र्र्र

गुणवंत : पंपाचा स्टार्टर स्पार्क मारतोय, तीच खरखर रेडिओत येतेय. मला कळायला हवं होतं. मला!

इशिता : राहू दे ना.

गुणवंत : पण भूजच्या आदल्या दिवसाची, पंचवीस जानेवारीची, वेगळी होती. ती मी ऐकलीये.

इशिता : त्या दिवशी पाणी होतं?

गुणवंत : आता वर्षापूर्वीचं कोणाला…

इशिता : आठवा ना.

गुणवंत : तुझ्या आईचं हळदीकुंकू होतं सव्वीसला. आदल्या दिवशी तिने घरातले सगळे पडदे धुतले. ओले पडदे मीच दोरीवर टाकले होते.

इशिता : म्हणजे त्या दिवशीही पाणी होतं. पंपही चालू असणार.

गुणवंत : बंद कर तो रेडिओ.

हेमाली : काका? आत येऊ? दार उघडंच आहे.

इशिता : ये ना. पोरगी कशी आहे?

हेमाली : झोपली आत्ता. ताप उतरला थोडा. मी काय म्हणते काका, आज कसं आहे? आमचा परेश कामावरून येईल आता, गादी खाली काढायची असेल तर त्याला सांगते.

इशिता : हेमाली, अगं…

गुणवंत : मी सांगतो. हेमाली, बस. माझ्या रेडिओला भूकंप कळत नाही. ती खरखर आपल्या पंपाची आहे. पहिल्यापासून पंपाचीच होती.

हेमाली : असं काय बोलता काका? भूजचं तुम्हाला आधी कळलं होतं ने?

गुणवंत : नाही कळलं. मला वाटलं, कळलं.

हेमाली : मग कोणाला कळतं? सायन्सवाल्यांना?

इशिता : कधी होणार, ते त्यांनाही नाही सांगता येत. अजून तरी नाही.

हेमाली : म्हणजे कोणालाच नाही.

गुणवंत : तुझ्या पोरीला माझ्यामुळे ताप आला. तू बोल मला काय बोलायचं ते.

हेमाली : काय बोलू? खरखर नाही म्हणायचे तुम्ही, त्या रात्री तरी मी झोपायची. आता रोजच…

इशिता : तिला बाहेर नको नेऊस गं आज.

हेमाली : नाही नेणार. मच्छरदाणी आणायला सांगते परेशला, वरच झोपतो.

गुणवंत : हो.

हेमाली : काका, तुम्हाला झोप येते?

गुणवंत : येते. आधी भीती वाटते, मग येते.