यशोधनला रायफल हवी होती

...आणि वर मलाच म्हणतो, "तू एवढा शांत कसा? तुला काही माहीत आहे का?" आता काय बोलायचं अशा माणसाशी? तुम्हाला सांगतो, हा यशोधन माझा साडू, इथे अमेरिकेत अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये सिक्युरिटी बघतो, म्हणजे कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, कार्ड कुणी लावलं नाही... बारा वर्षं हेच, त्यामुळे घरी आला तरी डोळे काही मिटत नाहीत त्याचे. त्यात दिवाळीच्या आठवड्यात मागच्या रस्त्यावर आमच्या मित्राचं, सत्यजितचं घर फोडलं. भर दुपारी, काचेचं दार फोडून आत आले, सोनं घेऊन गेले, आणि शेजारचं कुत्रं भुंकलंसुद्धा नाही. झालं. यशोधनला कुत्र्याचा संशय. संशय येणारच की हो!

पण खरं सांगू? तो भेटायला गेला तेव्हा सत्यजितची आई सोफ्यावर बसली होती. एवढंच म्हणाली, "मी वरच झोपले होते रे." ते त्याच्या मनात रुतलं. कारण यशोधनची नैना, बारा वर्षांची पोर, तीनला शाळेतून येते आणि पाचपर्यंत घरात एकटी असते. घरी येऊन त्याने जाहीर केलं, रायफल आणायची. साधी नाही, सेमी-ऑटोमॅटिक.

सुनेत्रा, म्हणजे त्याची बायको, माझी मेव्हणी, भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू मिक्सर लावला तरी दचकतोस." नैना म्हणाली, "बाबा, प्लीज, दॅट्स सो एम्बॅरसिंग." पण हा ऐकतोय कुठला? त्याचा प्रश्न निराळाच होता, विकत घ्यायची की घरी जुळवायची?

कारण विकत घ्यायची म्हणजे फॉर्म भरायचा, नाव, पत्ता, उंची, वजन सगळं लिहून द्यायचं, आणि मग ते कागद कुणाच्या कपाटात जाणार, कोण वाचणार? बरं, जुळवायची म्हटली तर सुटे भाग पार्सलने येणार, दहा खोकी दारात, समोरचा गिरीश दिवसभर घरून काम करतो आणि खिडकीत बसतो. का बसतो? आणि त्यावर कडी म्हणजे, दोनदा कुठे ऑनलाइन शोधलं तर फोनवर बंदुकीच्या तेलाच्या जाहिराती सुरू. फोनला कुणी सांगितलं? संशय येणारच की हो!

मग त्याने श्रीरामला गाठलं. श्रीराम इथेच जन्मलेला, सत्यजितचा भाचा, दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो. तो म्हणाला, "काका, बिल्ड इट, यार. यू विल अंडरस्टँड एव्हरी पार्ट." यशोधन खूश, फॉर्मचं झंझट गेलं. तर श्रीराम म्हणतो, नाही काका, त्यातला एक मुख्य तुकडा कायद्याने बंदूकच धरतात, तो दुकानातूनच घ्यायचा, फॉर्म भरून. म्हणजे फॉर्मही भरा आणि स्क्रूही पिळा! यशोधन मला म्हणाला, "हा पोरगा जुळव जुळव म्हणून मागे का लागलाय? याचं काय जातंय?" मी म्हटलं, अरे, तूच विचारायला गेला होतास ना? तर माझ्याकडे असा बघायला लागला...

शेवटी विकत घ्यायची ठरली. शनिवारी सकाळी मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. दुकानदार पिकल्या दाढीचा, चष्मा दोरीने गळ्यात, बोलायला अगदी मऊ. यशोधनने सुरुवात केली. हा कॅमेरा कुणाकडे जातो? फॉर्म किती वर्षं ठेवता? ही माझ्याआधी कुणी हाताळली? कारखान्यात ज्याने जुळवली त्या माणसाला तुम्ही ओळखता का? दुकानदार उत्तरं देत गेला, देत गेला, आणि मग चष्मा काढून म्हणाला, "सर, तुम्हाला नेमकी कुणाची भीती वाटते?"

साधा प्रश्न हो. चोरांची म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण याने यादीच काढली! समोरचा गिरीश, गवत कापणारे दोघं, पार्सलवाला, श्रीराम, कुत्र्याचा मालक... आणि मग हळूच माझ्याकडे बघितलं. दुकानदाराने रायफल उचलली, मागच्या भिंतीवर जागच्या जागी ठेवली आणि म्हणाला, "मी तुम्हाला ही आज विकणार नाही. माझं मन घेत नाही."

गाडीत बसताना यशोधनने आधी मागची सीट तपासली. मग बारीक आवाजात म्हणाला, "माझ्यावर संशय? माझ्यावर?" तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला त्याची दया आली. मी म्हटलं, चल, घरी जाऊ. तर नाही, वाटेत दुसरं दुकान दिसलं, तिथे थांब म्हणाला.

तिथला गडी तिशीचा, च्युइंगगम चघळत होता. एकही प्रश्न नाही. "ही? हो, आहे. लायसन्स दाखवा, इथे फॉर्म भरा." झालं, एवढंच. यशोधनने पेन हातात घेतलं, नाव लिहिलं, आडनाव लिहिलं आणि थांबला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हा मला काहीच विचारत नाहीये."

"मग बरंच आहे की."

"अरे, म्हणजे हा कुणालाच विचारत नसेल."

आणि पेन ठेवून बाहेर आला. तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच त्याच्या संशयात मला काही चूक सापडली नाही.

घरी सुनेत्राने विचारलं, काय झालं? हा म्हणाला, एकाने दिली नाही आणि दुसऱ्याकडून मी घेतली नाही. ती म्हणाली, "पहिल्या दुकानदाराला दिवाळीचा फराळ पाठवते." आणि सोमवारपासून ऑफिसातून तीनलाच घरी यायला लागली, उरलेलं काम घरून करते. प्रश्न मिटला. कुणालाही विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं!

पण यशोधनचं समाधान व्हायला नको? त्याने पुढच्या दाराला भक्कम लोखंडी कडी लावली. विकत घेतली आणि बसवली स्वतः, म्हणजे दोन्ही हौशी फिटल्या. इतकी घट्ट बसवलीय की आता ते दार कुणालाच उघडत नाही. महिना झाला, आम्ही सगळे गॅरेजमधून जातो-येतो.