पावणं येणार हायत

—नाही, नाही, बसा की मॅडम, तुमच्यामुळं नाही, त्या आवाजानं दचकले. गार झालेला साचा फोडून माल खाली पाडतात ना, त्याचा तो आवाज. इतके दिवस झाले इथं, तरी दर वेळी तेच. आई म्हणते, मांजरानं पोहायची नोकरी धरावी तशी तू फाउंड्रीत नोकरी धरलीस. चहा घ्या. गार झाला का? दुसरा सांगू? बरं, राहू दे. तर तुमचा प्रश्न — माणसं का जातात. पण कुठली? कारण आमच्याकडनं दोन प्रकारची माणसं जातात. इथली पोरं पुण्याला जातात, चाकणला, मग त्यांच्या जागी ओडिशाची येतात, बिहारची येतात, आणि एक दिवस तीही जातात. इथली का जातात ते सोपं आहे — लग्नं जमत नाहीत. हसू नका, खरंच लिहा हे तुमच्या अहवालात. आयटीआय केलेला कोडोलीचा पोरगा मुलाखतीला येतो, मी त्याला पीएफ सांगते, कॅन्टीन सांगते, बस सांगते, तो सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, मॅडम, भट्टीवर हाय म्हटल्यावर पोरगी कोण देणार? काय सांगणार त्याला? एमएसडब्ल्यूला मनुष्यबळ टिकवण्याचे उपाय होते आम्हाला पाठ करायला, परीक्षेत मी सगळे लिहून आले, त्यात हा प्रश्नच नव्हता. आणि मी कुठल्या तोंडानं सांगू? आमच्याच घरात, गडमुडशिंगीला, माझे बाबा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, पोरगीला पुण्याचा बघायचा, इथला नको. पोरगी इथं बसून इथल्या पोरांना म्हणते, थांबा, जाऊ नका. आणि बाप तिकडं—असो. हे नका लिहू.

बाहेरची का जातात? हां. ते — तेच जरा अवघड आहे. सणाला जातात, शेतीला जातात, आई आजारी पडते. आणि परत येतात. पण या वेळचे तसे गेले नाहीत. खोल्यांची तक्रार नव्हती, गॅस होता, पाणी होतं, आमचे मालक वृषभदादा त्यांना दिवाळीला घरी जेवायला बोलावतात, पुरणपोळी वाढतात स्वतः. तरी एक माणूस गेला, आणि आठवड्याभरात त्याच्या गावचे सगळे त्याच्या मागं. बाळासो म्हणून आमचे फोरमन आहेत, ते म्हणाले, एक मेंढरू वळलं की कळप वळतोय मॅडम, तुम्ही पयल्या मेंढराला का सोडलं? — मी सोडलं म्हणे. मी. आता अर्धी भट्टी बंद आहे, ऑर्डर अडकली आहे, वृषभदादा ओरडत नाहीत हो, ते कधीच ओरडत नाहीत, ते फक्त दारात येऊन उभे राहतात. सकाळी येऊन म्हणाले, राजनंदिनी, तू फोन लाव बघ त्या पावण्याला, तुझं ऐकतोय त्यो. एवढंच. आणि गेले. तेव्हापासून हा फोन असा टेबलावर पडलाय.

पावणं म्हणजे तो. बनमाळी. बनमाळी बेहेरा त्याचं नाव, पण त्या नावानं इथं कुणी हाक मारली नाही. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला गंमत वाटेल — आमच्याकडं अनोळखी माणूस म्हणजे पावणं. बसमध्ये कंडक्टर म्हणतो, सरका पावणं. टपरीवाला म्हणतो, पावणं, साखर कमी का जास्त? तर हा पहिल्या दिवशी गेटवर पिशवी घेऊन उभा, आणि बाळासो ओरडले, ओ पावणं, हिकडं या. तो आला. झालं, तेच नाव. बाकीच्या पोरांना नावानं हाका मारायचे, याला पावणं. त्यालाही ते आवडायला लागलं होतं — फोनवर सुद्धा म्हणायचा, हॅलो, मी पावणं बोलतोय. मराठी शिकला तो आमच्या कॅन्टीनच्या धोंडुबाईंकडून, त्यामुळं बोलायचा अगदी म्हाताऱ्या बाईसारखा — चोवीस-पंचविशीचा माणूस, खांदे एवढे रुंद, आणि म्हणणार, काय सांगू बाई, कंबर धरलीया. सगळा विभाग हसायचा. पण उच्चार स्वच्छ. त्यांच्या ओडिया भाषेत ळ आहे ना. हिंदीवाली पोरं नळाला नल म्हणतात, हा म्हणायचा नळ, जाळी, केळी — मी एकदा मुद्दाम आंबोळी म्हणायला लावलं होतं. कशाला लावलं होतं कोण जाणे.

मी रोज एकदा आतून फेरी मारतो — मारते. आमच्याकडं बायकासुद्धा येतो-जातो म्हणतात, कॉलेजात मोडली ती सवय, पण बोलताना सटकते, तुम्ही मनावर घेऊ नका. तर फेरी मारताना तो साचा फोडायचा आवाज व्हायचा आणि मी उडायची. पोरं हसायची. एक दिवस बघते तर आवाजाच्या आधी याचा हात वर. असा, पंजा उघडून. म्हणजे, मॅडम, आता होणार. मग आवाज झाला आणि मी दचकले नाही. त्यानंतर रोज. तो कुठंही असू दे, मी दारातनं आत आले की एक डोळा तिकडं आणि एक माझ्याकडं, आणि वेळ आली की हात वर. कुणाच्या लक्षात आलं नाही. बोलणं काही नाही बरं का मॅडम, गैरसमज नको — बोलणं म्हणजे हजेरीचं, मास्कचं, बुटांचं. पण आयुष्यात दुसऱ्या कुणी माझं घाबरणं असं मनावर घेतलं नाही. घरी हसतात, नाहीतर रागावतात. असो.

तर मग आमच्याकडं पाहुणे यायचं ठरलं. कागलचे. मुलगा चाकणला कंपनीत, धैर्यशील नाव. बघायला येणार रविवारी. धोंडुबाईंना मी सांगितलं, आणि धोंडुबाईंना सांगितलं म्हणजे भोंगा वाजवला. त्यांनी भात वाढता वाढता सगळ्या कॅन्टीनला सांगितलं, रविवारी मॅडमच्या घरी पावणं येणार हायत. — हां, तुमच्या लक्षात आलं. तुमच्या किती पटकन लक्षात आलं. माझ्या आलं नाही. आमच्याकडं मुलगी बघायला येतात तेही पावणंच. पण त्याला हे कुणी शिकवलंय? त्याच्या मते या कारखान्यात पावणं एकच. आणि धोंडुबाई म्हणाल्या 'येणार हायत' — त्याला वाटलं, मान देऊन बोलतायत.

शनिवारी तो इथं आला, या दारात. आत नाही आला, बुटांना वाळू होती म्हणून. म्हणाला, मॅडम, रविवारी पावणं येणार? मी म्हणाले, हो, घरच्यांनी बोलावलंय. तो म्हणाला, घरच्यांनी? तुमच्या बाबांनी? मी म्हणाले, हो, बाबांनीच. त्याचा चेहरा असा — मला वाटलं, वाईट वाटलं याला. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, आता काहीतरी बोलेल. नको म्हणेल. नको म्हणाला असता तर मी काय केलं असतं? काय केलं असतं, काही नाही, पण म्हणायला पाहिजे होतं. तर तो म्हणाला, तुम्हाला चालेल? आणि मी — मी घाबरले ना मॅडम. मला एकदम कुणी काही विचारलं की जे तोंडात येतं ते मी बोलतो. मी म्हणाले, चालेल. तो हसला. मी म्हटलं, याला काहीच वाटत नाही, हसतोय बघा. आणि तो का हसत होता? — हां. तेच.

आला की. कागलच्यांच्या आधी आला. पांढरा शर्ट, पाकिटातल्या घड्या अजून तशाच, एका हातात केळीची फणी, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा — धोंडुबाईंना विचारलं होतं म्हणे त्यानं, पावण्यानं काय न्यायचं असतंय. त्या म्हणाल्या, मोकळ्या हातानं जाऊ नये. मी आत होते, आई आणि आत्या साडीला पिना लावत होत्या माझ्या. बाहेर बाबांचा आवाज आला — या, या पावणं, बसा. बाबांना वाटलं, कागलच्यांपैकी कुणी पुढं आलाय. त्यांनी स्वतः पाणी दिलं त्याला. म्हणाले, घर सापडायला त्रास नाही न्हवं झाला? तो म्हणाला, न्हाय की. बाबा म्हणाले, हे आपलंच घर समजा. माझ्या बाबांनी हे म्हटलं मॅडम, मी कानांनी ऐकलं, फक्त कुणाला म्हणतायत ते मला माहीत नव्हतं. घरातल्या चांगल्या खुर्चीवर, पंख्याखाली, माझ्या बापानं त्याला तेवढा वेळ जावयाच्या बाजूचा म्हणून बसवलं होतं. तेवढंच काय ते मिळालं त्याला. मला तर तेवढंही—

मग खरे आले. दोन गाड्या. त्यांना वाटलं, हा आमच्याकडचा. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि त्याच वेळी मुलाचे मामा त्याला विचारत होते, आपण मुलीचे कोण? तो उठून उभा राहिला, मामांना नमस्कार केला, आणि म्हणाला, मी पावणं. मामा म्हणाले, पावणं आम्ही, तुम्ही कोण? झालं, सगळे हसले. कागलचे हसले, आमचे हसले, बाबा तेवढे हसले नाहीत, ते माझ्याकडं बघायला लागले. आणि त्यानं मला बघितलं. साडीत. ट्रे घेऊन. त्याला तिथं कळलं सगळं. आणि मी हसले मॅडम. मी हसले. मला भीती वाटली की हसू येतं, लहानपणापासून, आजोबांना नेलं तेव्हासुद्धा आलं होतं, आईनं पदर कोंबला होता माझ्या तोंडात. तुम्हाला कळतंय ना? ते हसू नसतं. पण दिसतं हसूच.

चिमणाआत्या म्हणाली, अगं, कंपनीतला दिसतोय कुणीतरी, कामगार असंल, बाळा, तू जरा बाहेर बस. तो बाहेर बसला नाही. चपला घातल्या आणि गेला. केळी टेबलावर राहिली. आत्यानं तीच सोलून कागलच्यांना दिली, म्हणाली, घ्या, गोड हायत. धैर्यशीलनं दोन खाल्ली. तो वाईट नाही हो, चांगला आहे, त्यानं मला एकच विचारलं, चाकणला राहायला चालेल का. मी काय म्हणाले असेन? — तेच. चालेल.

म्हणजे आता मीही चाललो की. तुमच्या अहवालात मला कुठं घालणार?

नाही, रडत नाही. धूर आहे. सोमवारी तो आला नाही, त्याच्या गावच्यांनी सांगितलं, राजकोटला गेला, तिथल्या फाउंड्रीत. मग तेही गेले. इथं सगळे शोधतायत, काय कमी पडलं, कुणी शिवी दिली का, ठेकेदारानं पळवलं का. मला कुणी विचारतच नाही, आणि विचारतात तेव्हा मी म्हणते, चौकशी चालू आहे. तुम्ही पहिल्याच. तुम्ही उद्या पुण्याला जाणार म्हणून बोलले असेन.

लावू म्हणता? आत्ता? तुमच्यासमोर? — बरं. नाहीतर नाहीच लावणार मी, दादा परत दारात येऊन उभे राहतील. काय बोलायचं ते पाठ आहे माझं. कंपनीचं नंतर. आधी एवढंच, की मी तुम्हाला हसले नाही. एवढं झालं की मग तो येऊ दे, न येऊ दे. मग मी कागलला कळवते, काय कळवायचं ते. कळवीन. बघा तुम्ही. — वाजतोय. — वाजतोय अजून. — घेतला.

हॅलो. — बनमाळी? मी राजनंदिनी. — कोल्हापूर. — हो. हो, मॅडमच. — मराठीतच बोला की. — बरं. — नाही, येतंय ऐकू, तिथं पण मशीन चालू आहे ना, येतंय. — कसे आहात? — हां. — ते, त्या रविवारी, मी तुम्हाला — काय? — कंपनीचं?

— — हो. जी. कंपनी का ही काम था। — नहीं, और कुछ नहीं। — हां, बोल दूँगी उनको। — ठीक है। रखती हूँ।

नाही येणार.

मॅडम, तुमचा तो प्रश्न — मजुरी लिहा. राजकोटला जास्त मिळते. खोटं नाही ते, ठेकेदारही तेच सांगतो, सगळीकडं तेच असतं. — मी ठीक आहे. तुम्ही निघा आता, शिफ्ट सुटली की गेटवर गाडी अडकते. आणि जाताना दार ओढून घ्या. आतून बसत नाही ते.