पुलाखालचा दाबलेला खोकला

आता यात हसण्यासारखं काय आहे? दचकते मी. घाबरत नाही हो, दचकते! फरक आहे. कुकरची शिट्टी झाली, दचकले. कुरियरवाल्याने बेल वाजवली, दचकले. आणि अशा मुलीला काम काय मिळावं? तर कल्याणात उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या माणसांमध्ये टीबीचे रुग्ण शोधायचं! आई म्हणाली, ‘समृद्धी, घराजवळ, नौपाड्यातल्या नौपाड्यात काही मिळत नव्हतं का गं? घाबरशील!’ म्हटलं, आई, घाबरत नाही, दचकते!

तुम्हाला सांगते, आम्ही तिथे पोचलो रे पोचलो की अख्खा पूल निरोगी! ‘खोकला?’ ‘नाय.’ ‘ताप?’ ‘नाय.’ रखमाबाई म्हणून एक, लसूण सोलत बसलेल्या. अंगाची नुसती काडी! त्यांना विचारलं, तर तोंडावर पदर, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी... आणि मान ‘नाय, नाय’! का? तर कोणीतरी सांगून ठेवलेलं, खोकणाऱ्याला गाडीत घालून नेतात आणि परत येईस्तोवर झोपायची जागा दुसऱ्याची होते. मग कोण खोकेल, सांगा! आमचे प्रफुल्लसर म्हणाले, ‘चला, इथे कोणी नाही.’ माझा पाय निघेना...

इतक्यात कबुतर फडफडलं. थेट कानाशी! मी किंचाळले, उडाले, आणि पडले ती लसणाच्या पाटीत! केसांत सालं, ओढणीत सालं, अख्खा पूल खो-खो हसतोय... आणि रखमाबाई? हसू दाबायला गेल्या नि इतके दिवस दाबलेला खोकला असा सुटला, थांबेचना! मी तशीच सालांत बसून ओरडले, ‘सर, सापडला!’

थुंकी तपासली, टीबीच निघाला. मी त्यांच्यापुढे फतकल मारून सांगितलं, ‘कुठे नेत नाही तुम्हाला. जागा तुमचीच. गोळ्या मी रोज इथे आणून देते.’

आता बघा त्यांना! गालावर मांस आलंय. छाती फुगवून सांगते, सरांच्या प्रश्नांना जो खोकला सापडला नाही, तो माझ्या दचकण्याला सापडला! पण बाईंची एक अट आहे. ‘पोरी, हसल्याबिगर गोळी उतरत नाय.’ म्हणून रोज सकाळी त्या खांबामागे लपतात आणि मी आले की... ‘भॉक!’ खांब ठरलेला. वेळ ठरलेली. मास्कमधूनसुद्धा लसणाचा वास येत असतो हो मला!

तरी रोज दचकते.